गुरांची वाट नकाशात येईपर्यंत

२०२४ च्या जूनमध्ये ग्रामपंचायतीत एक पत्र आलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी गावच्या हद्दीत सरकारी पडीक किंवा गायरान जमीन किती आहे, ते कळवा, असं त्यात होतं. मी सरपंच होऊन वर्ष झालं होतं. पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती आमच्या शिवारातली रात्र.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री असायची. रात्रीची पाळी आली की गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला माणूस बारा-एक वाजता घराबाहेर पडणार. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, आणि चिखलात अनवाणी दारं धरायची. माझ्या चुलत दिरांना असंच एका रात्री उसाच्या बांधावर साप चावला. ते वाचले, पण त्या रात्री जीप मिळवताना झालेली धावपळ माझ्या मनातून गेली नाही. म्हणून योजना मला पटायला वेळ लागला नाही. गावाच्या शेजारी सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज जवळच्या उपकेंद्रात द्यायची आणि तिथून शेतीच्या वाहिनीवर दिवसा सोडायची, इतकं ते सरळ होतं. आमचं ३३ केव्ही उपकेंद्र गायरानापासून चार किलोमीटरवर. जागा सगळ्या बाजूंनी बसत होती.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय मांडला आणि तो पडला. आज विचार केला तर लोकांचे प्रश्न रास्तच होते. एक म्हणाला, "बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंत बिल माफच झालंय, मग आता सोलर कशाला?" दुसऱ्याने विचारलं, घरची लाईट जायची थांबेल का. मला सांगावं लागलं की घरची लाईट गावठाणाच्या वाहिनीवर येते, हे काम शेतीच्या वाहिनीचं आहे, घरात फरक पडणार नाही. त्यावर निम्मी सभा उठली. बिल माफ झालं तरी वीज रात्रीच येणार, हे मी सांगितलं, पण ऐकायला फार कोणी उरलं नव्हतं.

खरा विरोध मात्र सभेत बोललाच गेला नाही. तो मला तिसऱ्या दिवशी कळला. आमच्या धनगर वस्तीवरचे एक म्हातारे तात्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "ताई, सोलरच्या पलाटा बसल्यावर शेरडं कुठं न्यायची?" मी म्हटलं, "तात्या, गायरान एकोणीस हेक्टर आहे. प्रकल्पाला सहा हेक्टर लागेल. बाकीचं राहतंच की." ते काही बोलले नाहीत. काठीने ओट्यासमोरच्या धुळीत एक रेघ ओढली. एका टोकाला खडा ठेवला, ही वस्ती. दुसऱ्या टोकाला दुसरा, हा पाझर तलाव. मध्ये म्हसोबाचं ठाणं. मग काठी आडवी धरून म्हणाले, "तुमचं कुंपण असं येणार. मग पाण्यावर जायला शेरडाला दोन किलोमीटर वळसा."

मी ते हेक्टरचे आकडे तलाठी भाऊसाहेबांच्या सातबाऱ्यावरून घेतले होते. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, वाट नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तात्यांच्या कळपामागे चालत गेले. खालच्या अंगाला काळी माती, तिथे दिवाळीपर्यंत गवत टिकतं, बाभळी आणि बोरीही तिथेच. वरचा माळ नुसता मुरूम. प्रकल्पासाठी पाहणी करून गेलेल्यांनी खालचा भाग पसंत केला होता, कारण तो सपाट आणि रस्त्याला लागून. चरायचं रान नेमकं तेच.

गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असलं तरी मालकी सरकारची. जागा द्यायचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. आमचा ठराव नसता तरी कदाचित काम पुढे गेलं असतं. पण कुंपणाशेजारी रोज राहणार गाव, आणि गावाला विचारल्याशिवाय उभं राहिलेलं कुंपण कोण सांभाळणार? सरपंचाचं काम सही करण्याच्या आधी सुरू होतं, असं मला वाटतं. म्हणून मी अर्ज केला की जागा ठरवण्यापूर्वी महसूल, भूमी अभिलेख, महावितरण आणि ग्रामपंचायत अशी एकत्र स्थळपाहणी व्हावी.

दरम्यान आम्ही वीस जण जीप करून वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला गेलो. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प तिथला, ३ मेगावॉटचा, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेला, १७५३ शेतकऱ्यांना दिवसा वीज देणारा. ५ ऑक्टोबरला वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते ज्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, त्यात तो होता. तात्यांना मी आग्रहाने सोबत नेलं. बाकीचे प्लेटा बघत होते, तात्या कुंपणाच्या कडेकडेने चालत पावलं मोजत होते. परतताना तिथल्या विहिरींवरच्या मोटारींबद्दल बोलणारे बरेच होते. दुपारी मोटार चालू बघून जो परिणाम झाला, तो माझ्या दहा भाषणांनी झाला नसता.

स्थळपाहणी डिसेंबरात झाली. वरचा मुरमाड माळ घ्या, असं आम्ही म्हटलं. चढ आहे, सपाटीकरणाचा खर्च वाढेल, असं उत्तर आलं. दोन तास चर्चा चालली. शेवटी प्रकल्प वरच्या माळावर, आणि पूर्वेच्या हद्दीने वस्ती ते पाझर तलाव सहा मीटर रुंदीची वाट, असं ठरलं. मी तिथेच भूकरमापकांना विनंती केली की वाट आत्ताच मोजा आणि नकाशात दाखवा. तोंडी कबूल झालेली वाट अधिकारी बदलले की संपते. त्यांनी रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं यंत्र, लावून दोन्ही टोकं घेतली. चुन्याच्या खुणेवर तात्यांनी दगड रोवला.

वरच्या माळाच्या कडेला दोन घरांनी ज्वारीपुरतं अतिक्रमण केलं होतं. त्यांच्याकडे मी संध्याकाळी एकटी गेले, नोटिशीच्या आधी. सुगी काढून घ्या, मग सोडा, इतकंच म्हटलं. त्यांनी सोडलं.

२६ जानेवारी २०२५ ला आधी महिला सभा, मग ग्रामसभा. कोरमला शंभर माणसं पुरतात, आली दोनशेच्या वर, आणि अर्ध्याहून जास्त बायका. रात्री नवरा शेतात गेला की दाराकडे कान लावून जागी राहते ती बाईच. ठराव एकमताने झाला. त्यात वाट आली, उरलेल्या गायरानाला हात न लावण्याचं आलं, आणि प्रकल्पापोटी ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं जे पंधरा लाख मिळतात, त्यातून पहिला खर्च कशावर करायचा, तेही आलं.

पुढे फाईल एकदा परत आली. ठरावाच्या प्रतीत गट नंबरचे आकडे उलटसुलट झाले होते. दुरुस्तीला पुन्हा सभा घ्यावी लागली आणि सात आठवडे गेले. तेव्हापासून ठरावाची प्रत सही करण्याआधी मी सातबारा शेजारी ठेवून आकडा बोटाने वाचते. मग विजेच्या तारांसाठी कोणाच्या बांधावर खांब, यावरून वाद झाले, तेही मिटले.

गेल्या नोव्हेंबरात वाहिनीवर दिवसा लाईट आली. सकाळी नऊच्या सुमारास येते, संध्याकाळपर्यंत राहते. पहिल्या आठवड्यात लोकांना भरवसा नव्हता, रात्रीही उठून स्टार्टरकडे जाऊन बघत होते. परवा सकाळी अकराला मी शेताकडून आले तर जाऊबाई गव्हात दारं धरत होत्या, आणि शाळेला सुट्टी म्हणून पोरगं बांधावर बसून सरीत पाणी कुठवर आलं ते त्यांना ओरडून सांगत होतं. त्याला रात्री कधीच सोबत नेता आलं नसतं.

पहिल्या वर्षाच्या पैशातून पाझर तलावाच्या वाटेवर गुरांसाठी सिमेंटचा हौद बांधायचा, असं ठरावात आहे. तलाव मार्चला आटतो. काम पुढच्या आठवड्यात काढतोय. जागा तात्या दाखवणार आहेत.