चिंगी-तपकीर जोडीची प्रगती: अखेर एकच पिंजरा

मंडळी, या आठवड्यापासून माझ्या दोन चिंचिला (दाट मऊ केसांचे, कुरतडणारे छोटे प्राणी), चिंगी (करडी, वयाने मोठी) आणि तपकीर (बेज, नवी), एकाच पिंजऱ्यात राहतायत. खूप आनंद झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोघी माद्या आहेत. नर-मादी जोडी मी मुद्दाम टाळली. चिंचिलाचा गर्भकाळ साधारण १११ दिवसांचा असतो आणि विण्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. विकणारा काहीही म्हणो, नर-मादीची खात्री डॉक्टरकडून करून घ्या. मादीचा मूत्रमार्गाचा उंचवटा लिंगासारखा दिसतो आणि नवख्याला हमखास फसवतो. तो आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर बघायचं: नरात मोकळी जागा दिसते, मादीत दोन्ही जवळजवळ चिकटून असतात.

तपकीर आल्यावर आधी वेगळ्या खोलीत क्वारंटाइन. जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) आणि नायटा यांची तपासणी झाल्यावरच दोन पिंजरे शेजारी आणले, तेही मध्ये चार बोटं जागा सोडून. गजांना गज टेकवले की पायाची बोटं चावली जातात. मग वासांची अदलाबदल सुरू केली. चिंचिला पाण्याने नाही, बारीक धुळीत लोळून अंघोळ करतात; चिंगीची अंघोळ झाली की तीच धूळ तपकीरला, फळ्या इकडच्या तिकडे, शेवटी पिंजरेच बदलले.

पहिली भेट बाथरूममध्ये, कारण ती जागा दोघींपैकी कुणाचीच नव्हती. कमोडचं झाकण बंद, टॉवेल हाताशी. एकमेकींवर चढणं, पाठलाग, थोडे केस उडणं एवढं चालतं. वरचढ कोण, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं लागतं. पण एक मागच्या पायांवर उभी राहून लघवीची पिचकारी मारायला लागली, दात वाजवायला लागली किंवा दुसरीला कोपऱ्यात गाठून सोडेचना, की भेट संपवायची. मध्ये टॉवेल टाकायचा, उघडा हात कधीच घालायचा नाही. रक्त दिसलं तर कित्येक आठवडे मागे जाऊन पुन्हा शेजारच्या पिंजऱ्यांपासून सुरुवात.

दोघींना छोट्या कॅरिअरमध्ये दाटीवाटीने कोंडून गाडीतून फिरवायचं, असं बरेच जण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. घाबरलेला प्राणी गप्प बसतो, त्याला मैत्री म्हणता येणार नाही. शिवाय बंद कॅरिअर पटकन तापतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरातला हा प्राणी २५ अंशांच्या पुढे धोक्यात येतो. इथे टोरोंटोत मला फक्त उन्हाळा सांभाळावा लागतो. पुण्या-मुंबईत कुणी पाळत असेल तर एसी आणि वीज गेल्यावरची सोय, दोन्ही आधी हवं.

मला खरा भरवसा आला तो एका भेटीत. तपकीर मान खाली घालून चिंगीच्या हनुवटीखाली शिरली. चिंगी क्षणभर ताठ झाली, मग तिच्या कानामागचे केस पुढच्या दातांनी हलकेच विंचरायला लागली. तपकीरचे डोळे अर्धे मिटले. त्यानंतर दोघी आपणहून एकाच फळीवर बसायला लागल्या.

नवा पिंजरा पूर्ण धुऊन, सगळ्या फळ्या नव्याने लावून मगच दोघींना एकदम आत सोडलं. जुनी मांडणी ठेवली असती तर चिंगीने ती आपलीच समजून हक्क गाजवला असता. भट्टीत सुकवलेल्या पाइनच्या फळ्या आहेत, वरून थेट तळाला पडता येऊ नये अशा आडव्यातिडव्या बसवलेल्या. जाळीचा तळ नाही, तळव्यांना जखमा होतात. गवताची दोन ठिकाणं, पाण्याच्या दोन बाटल्या, दोन घरं. प्रत्येक घराला दोन दारं हवीतच. एकच दार असलं की दबणारी आत अडकते.

आता दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन करते. भांडण नजरेला पडत नसलं तरी एक दुसरीला गवतापाशी येऊ देत नसेल, तर ते आधी वजनात कळतं. सध्या दोघींचं स्थिर आहे. तपकीरचा जुना पिंजरा मात्र मी मोडलेला नाही. वर्षानुवर्षं जमलेल्या जोड्याही अचानक फाटतात, तेव्हा रात्री-अपरात्री दुसरा पिंजरा तयार असावाच लागतो.