दिवाळीच्या सुट्टीत उवा आल्या कुठून?

जुलैत लेकीच्या डायरीत बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं, 'केसांची स्वच्छता पाहावी.' उवा हा शब्द टाळला होता, पण कळायचं ते कळलं. तिसरीतली मुलगी, लांब दाट केस, पावसात भिजलेल्या दोन वेण्या दिवसभर तशाच बांधलेल्या. तिची मान खाली करून कानामागे पाहिलं आणि माझंच डोकं खाजायला लागलं.

मेडिकलमधून १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन आणलं. रविवारचं तेल लावून झालं होतं, त्यावरच ते चोपडलं आणि १० मिनिटांनी धुतलं. फणीतून मेलेल्या उवा निघाल्या तेव्हा मोठा गड सर केल्यासारखं वाटलं. बाराव्या दिवशी लेक अभ्यास करता करता पेन्सिलीने डोकं खाजवत बसलेली. ये रे माझ्या मागल्या!

आता सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं माहेर सासवडचं, म्हणजे सीताफळांचा मुलूख. बिया वाळवल्या, कुटल्या, खोबरेलात कालवल्या. "अगं, आमच्या घरी सगळ्या पोरींना हेच लावायचे." त्या बियांनी उवा मरतात हे खरंच आहे. पण केस धुताना ते पाणी लेकीच्या डोळ्यात गेलं. रात्रभर डोळा लालबुंद, पोर उजेडाकडे बघेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, "सीताफळाच्या बिया लावल्या होत्या का?" बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झाली होती. औषधाच्या थेंबांनी चार-पाच दिवसांत डोळा बरा झाला. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मी त्यांना काय बोलणार? तेलकट केसांना लोशन फासणारी मीच होते.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा कधी लावलंत?" दुसऱ्यांदा? ते लावायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. लोशनने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. घातलेली लीख साधारण आठ-नऊ दिवसांत फुटते आणि तिच्यातून निघालेलं पिल्लू आणखी नऊ ते बारा दिवसांत स्वतः लिखा घालायला लागतं. म्हणून नवव्या दिवशी, पिल्लं मोठी व्हायच्या आत, दुसरा हात फिरवायचा. तेही तेल न लावता, साध्या शांपूने धुऊन टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांवर. शिवाय दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून बघायची.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली आणि मी कपाळावर हात मारला. ज्या पांढऱ्या लिखा मी तासन्‌तास ओढत बसायचे त्या केसावर बोटभर खाली आलेल्या होत्या. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे ती केव्हाच रिकामी झालेली टरफलं! जिवंत लीख अगदी मुळाशी असते, तपकिरी, डोक्याच्या कातडीला लागून.

मग कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी गोल काढले. धीर करून वर्गातल्या आयांच्या ग्रुपवरही लिहून टाकलं. ग्रुपवर चिडीचूप. पण रात्रीपर्यंत पाचजणींचे खासगी मेसेज, 'आमच्याकडेही आहेत, कुणाला सांगू नका.' घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येकीला वाटतं धूर आपल्याच घरात. तरी त्या पाचजणींनी आपापल्या घरी फणी काढली. सप्टेंबर संपता संपता लेकीचं डोकं साफ झालं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बंद होऊन पंधरा दिवस झालेले, फडक्यावर दोन चालत्या उवा.

आता शाळेच्या नावाने खडे फोडता येईनात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्याबाहेर ती फार तर दोन दिवस जगते, त्यामुळे मी उगाचच उकळत ठेवलेल्या चादरींचाही दोष नव्हता. नवऱ्याचे केस सैनिकासारखे बारीक. मग लेकीच्या डोक्याला डोकं कुणाचं लागतं? रोज रात्री गोष्ट ऐकता ऐकता ती झोपते आजीच्या उशीवर.

हे विचारायला मला दोन दिवस लागले. मटार सोलत होत्या तेव्हा शेजारी बसून म्हटलं, "अहो आई, तुमचेही केस जरा बघू का?"

त्यांचे हात थांबले. "खाज येते गं कधीची. मला वाटलं, वयाने कोरडं पडलं असेल डोकं." मग हळूच, "आणि या वयात सांगणार कुणाला?"

पिकलेल्या केसांत लिखा दिसतच नव्हत्या. फणी फिरवली तेव्हा मात्र सात उवा निघाल्या. सातवी पुसली आणि त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं, "आता तू बस." मला दोन मिनिटांत तीन सापडल्या!

तिघींनी एकाच दिवशी औषध लावलं, नवव्या दिवशी पुन्हा एकदा. गोष्ट सांगणं काही बंद झालं नाही, फक्त तेवढे दिवस उश्या दोन झाल्या. डिसेंबरात ओळीने चार वेळा फडकं कोरं निघालं. आता रविवारी दुपारी सासूबाईच फणी आणि पांढरा रुमाल घेऊन गॅलरीत पाट मांडतात आणि आतल्या आम्हा दोघींना हाक घालतात, "चला, नंबर लावा."