बाबांचा कॉम्प्युटर आणि १२७.०.०.१

"व्हायरस होता तेव्हा निदान नेट तरी चालत होतं," बाबा म्हणाले आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत निघून गेले.

तीन तास खपून मी त्यांचा कॉम्प्युटर साफ केला होता. स्कॅनमध्ये सापडलं ते सगळं काढलं, रीस्टार्ट केला, तर एकही पान उघडेना. वायफाय जोडलेलं, फोनवर सगळं सुरळीत. राउटर दोनदा बंद-चालू करून झाला (आपला राष्ट्रीय उपाय).

घोळ निघाला प्रॉक्सी सेटिंगमध्ये. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि नेटच्या मधला मध्यस्थ; त्याचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे खुद्द हाच कॉम्प्युटर! मालवेअरने, म्हणजे त्या व्हायरसनेच, बाबांचं सगळं ब्राउझिंग स्वतःमार्फत वळवून घेतलं होतं. मी त्याला हाकललं, पण पत्ता तसाच राहिला. ब्राउझर बिचारा दर वेळी रिकाम्या खोलीचं दार वाजवत होता. प्रॉक्सीचं बटण बंद केलं, नेट सुरू.

बाबांना सांगितलं, अहो, तो मधे बसून सगळं बघू शकत होता.

"पण मला कधी त्रास नाही दिला त्याने."

वीजबिल, बँक, सगळं याच कॉम्प्युटरवरून करतात ते. सध्या मी माझ्या फोनवरून त्यांचे पासवर्ड बदलत बसलोय. तुम्ही घरच्या कॉम्प्युटरची प्रॉक्सी सेटिंग शेवटची कधी उघडून बघितली होती?