फ्रॉम द ग्राफ इट इज क्लिअर दॅट...

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कम्पल्सरी इंग्लिश शिकवते. एमएस्सीला आमचा विषयच नाही, तरी परीक्षा जवळ आली की रसायनशास्त्रवाले प्रोजेक्टचा गठ्ठा धाडतात : "मॅडम, जरा इंग्लिश बघून द्या." बघून द्या म्हणजे स्पेलिंग, एवढंच.

यंदा त्यात शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीची फाइल होती. घरी तेलुगू, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सपासून सगळं इंग्रजीत. काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाय हाउसला, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यात. विषय : झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी पाण्यातला मिथिलीन ब्लू हा डाय, म्हणजे रंग, उजेडात नष्ट करणं.

या फाइलींमध्ये कृतीचा भाग निर्दोष असतो. 'द्रावण दोन तास ढवळले गेले', 'भट्टीत तापवले गेले' : कर्मणी प्रयोग, आर्टिकल, काळ, सगळं जागच्या जागी. कारण तो पेनड्राइव्हवरून मागच्या बॅचकडून येतो, बदलतं फक्त तापमान. (पीएचडीला हे अंगाशी येतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच साम्य माफ आहे.) निष्कर्षांपाशी मात्र भाषा कोसळते. प्रत्येक आलेखाखाली एकच वाक्य : 'फ्रॉम द ग्राफ इट इज क्लिअर दॅट'. तिच्या एका आलेखात तर एक बिंदू रेषा सोडून भलतीकडेच गेला होता, आणि खाली तेच 'क्लिअर'. तिथं 'बहुधा', 'असं असू शकेल' हवं. पण इंग्रजीतला 'मे' (may) आम्ही शिकवतो तो वर्गात यायची परवानगी मागायला.

फाइली मी तपासल्या म्हणून प्रेझेंटेशनला मलाही मागच्या बाकावर बसवलं. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, इंग्रजीत विचारलं, द्रावणाचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) १०च का?

"सर, बिकॉज डिग्रेडेशन इज मोअर."

"व्हाय मोअर?"

गप्प. गाइडना राहवेना. "मराठीत सांग गं."

आणि मुलगी सुटली. "सर, डाय पॉझिटिव्ह चार्जचा आहे. पीएच नऊच्या वर नेला की झिंक ऑक्साइडचा सरफेस निगेटिव्ह होतो, मग डाय चिकटतो. पण म्हणून कितीही वाढवला तर झिंक ऑक्साइडच विरघळायला लागतं. आणि नुसताच चिकटलेला डाय हिशोबात येऊ नये म्हणून लाइट लावायच्या आधी अर्धा तास अंधारात ठेवून ६६४ नॅनोमीटरला रीडिंग घेतलंय." रसायनातलं मला फारसं कळत नाही, पण युक्तिवाद कळतो. हा चोख होता.

"गुड. नाउ से इट इन इंग्लिश."

पुन्हा गप्प. शेरा पडला : 'कन्सेप्ट वीक'. संवादाचे मार्क कापले असते तर मी समजू शकले असते.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तिच्या मराठी उत्तरात मराठी कितीसं होतं? सरफेस, चार्ज, डाय, रीडिंग : नामं सगळी इंग्रजी, तिला पाठ. मराठी होतं ते 'की', 'मग', 'पण म्हणून', 'येऊ नये म्हणून'. आमचे रसायनवाले वर्गात असंच शिकवतात. त्या एक्स्टर्नलचा वर्गही वेगळा नसणार. मुलांना समजतंही ते त्यामुळेच. पण विचार जोडणारे शब्द इंग्रजीत त्यांच्या कानावर कधी पडतच नाहीत, आणि व्हायवात नेमके तेच मागितले जातात. गाइडनी मराठीची वाट दिली ते बरं केलं असं त्या दिवशी वाटलं. पुढं कंपनीच्या लॅबमधल्या मुलाखतीत ती वाट कोण देणार, हेही वाटतं.

आठवड्यातून एक तास मी लॅबमध्ये येते, मुलांनी स्वतःचाच आलेख इंग्रजीत समजावून सांगायचा, असं मी सुचवलं. आमच्या विभागप्रमुखांना त्यात साहित्य दिसेना. रसायनच्या प्रमुखांना कल्पना पसंत पडली, फक्त वर्कलोड कुणाच्या नावावर दाखवायचा, एवढं त्यांना आधी लेखी हवं आहे.