हाइलू मर्गिया, 1985: कॅसेटचा सूर जागेवर आणताना

इथिओपियातल्या वालियास बँडचे कीबोर्डवादक हाइलू मर्गिया यांनी वॉशिंग्टनमध्ये एकट्याने वाजवून केलेली ‘हाइलू मर्गिया अँड हिज क्लासिकल इन्स्ट्रुमेंट’ ही कॅसेट 1985 मध्ये निघाली. पुढे ती बाजूला पडली. ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’ हे लेबल चालवणारे ब्रायन शिम्कोविट्झ यांना ती इथिओपियातल्या बाहिर दारमध्ये सापडली आणि 2013 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली. तिच्यातली वाद्यं: अकॉर्डियन, ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो, मूग आणि यामाहा डीएक्स7 हे सिंथेसायझर, ड्रम मशीन. या कॅसेटची जुनी प्रत डिजिटाइझ करायचं काम चालू आहे आणि त्यात ही वाद्यांची यादी फार कामाची आहे.

पहिली बाजू झाली. आधी कॅसेटचं प्लास्टिकचं कवच बदललं. टेपमागच्या फेल्टच्या गादीचा गोंद सुकला की ती गळून पडते, टेप हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि वरच्या पट्टीतला आवाज मधूनमधून बुडतो. पाच स्क्रूंचं नवं कवच घ्या, दोन्ही चकत्या टेपसकट त्यात ठेवा. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे ताण सारखा होतो. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॉल्बी (सळसळ कमी करणारी सोय) बंद, रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर, आवाजाचं शिखर उणे 6 डेसिबलच्या खाली.

त्यानंतर अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन. तो बदलणाऱ्या स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाची खूण करा, आवाज मोनो करा आणि ड्रम मशीनची हाय-हॅट सर्वांत लख्ख ऐकू येईपर्यंत स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. इथली चूक नंतर सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही.

खरा प्रश्न वेगाचा. तिझिता मेजर या इथिओपियन स्वरमालिकेचे स्वर भूपाचेच, सा रे ग प ध. पण कुठल्याही पट्टीतला षड्ज सहज स्वीकारणाऱ्या आपल्या कानाला पाव सुराची चूकही खटकत नाही, म्हणून मोजायलाच हवं. आधी 3150 हर्ट्झच्या चाचणी टेपवर डेक बरोबर करा. मग डीएक्स7चा लांबवलेला स्वर मोजा. 440 हर्ट्झच्या जागी 447 दिसले, तर वेग सुमारे 1.6 टक्के जास्त. मात्र डीएक्स7ची मूळ पट्टी वादकाला हलवता येते, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका. अकॉर्डियनच्या पत्त्या (रीड्स) 440 ते 442च्या आसपास लावलेल्या असतात. दोन्ही वाद्यं एकाच प्रमाणात चढलेली असतील तरच दोष टेपचा धरा. मूग मोजू नका, तापमानाबरोबर त्याचा सूर सरकतो. दुरुस्ती रीसॅम्पलिंगनेच (सूर आणि लय एकत्र बदलणाऱ्या पद्धतीने) करा, कारण सूर आणि लय दोन्ही एकदमच चढलेले असतात.

बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळे आकडे आले तर टेप कवचात घासत असू शकते. आधी तेच सोडवा. दुसऱ्या बाजूला अजून हात लावलेला नाही. टेपची सळसळ दोन्ही बाजूंवर तशीच ठेवायची आहे. ती गाळताना अकॉर्डियनच्या भात्याचा श्वासही जातो.