सावरून घेतलेल्या जागा

शनिवार, नौपाडा

आज पुन्हा 'लुई लुई' ऐकलं. किंग्जमेन या बँडनं 1963 साली अमेरिकेत पोर्टलंडला रेकॉर्ड केलेलं. मधला गिटारचा तुकडा संपतो आणि गायक जॅक इली तिसरं कडवं आधीच उचलतो. एखाद-दोन शब्द निघून जातात, बाकीचे अजून तिथे पोचलेच नाहीत हे त्याला कळतं आणि तो थांबतो. उघड्या पडलेल्या त्या जागेत ड्रमवरचा लिन ईस्टन हात मोकळा सोडून एक तुकडा वाजवतो, आणि मग सगळे मिळून कडव्यात शिरतात. काही सेकंदांचा मामला. तेच रेकॉर्डिंग बाजारात गेलं आणि जगभर वाजलं.

शब्दांवरून पुढे मोठं रामायण झालं. नीट ऐकू येत नाही म्हणजे अश्लीलच असणार, अशा तक्रारी गेल्या, एफबीआयनं चौकशी केली, आणि शब्द कळतच नाहीत एवढाच निष्कर्ष निघाला. लोक त्याबद्दलच बोलतात. मी मात्र ईस्टनच्या तुकड्यापाशी परत परत जाते. गाणारा अडखळल्याचं त्याला ऐकू आलं, आणि त्यावर त्यानं काय केलं ते आपल्याला ऐकू येतं.

हे डोक्यात घुमतंय ते आत्याच्या कॅसेटमुळे. 1987 ची कोजागिरी, ब्राह्मण सोसायटीतल्या जुन्या घराची गच्ची, घरगुती बैठक. आत्या गायली, पेटीवर आजोबा, तबल्याला शेजारचे काका. आत्याला आता पंच्याहत्तर पूर्ण होतायत, आणि आतेभावाला ती बैठक स्वच्छ करून सगळ्या नातेवाइकांना पाठवायची आहे. काम माझ्याकडे आलं, कारण चालू स्थितीतला डेक घरात फक्त माझ्याकडे आहे आणि जुन्या कॅसेट उतरवून घेण्याची मला हौस आहे.

अभंगात आत्या एक चरण विसरली आहे. धृपद म्हणून झालं, पुढची ओळ यायला हवी आणि आवाजच नाही. आजोबा ती ओळ पेटीवर वाजवतात, शब्द आठवावेत अशी, अगदी अक्षर न् अक्षर. तेवढ्यात काकांनी लग्गी लावली, तबल्यावरची जलद, नाचरी चाल. ऐकणाऱ्याला वाटावं, हे ठरलेलंच होतं. गच्चीवरून "वा!" येते. आणि आत्या ओळ उचलते, आधीपेक्षा मोकळ्या गळ्यानं.

आतेभावाचा निरोप: "ताई, ती दोन आवर्तनं काढून टाकता येतील ना?"

येतील. जोड कुणाला कळणारही नाही. म्हणूनच मला झोप नाही.

रविवार

सकाळी पट्टीचं काम. आत्या काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. कॅसेटवर ती काळी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि पेटीही तेवढीच चढलेली. आजोबांची पेटी आमच्याकडेच आहे, तिच्याशी ताडून पाहिलं. रेकॉर्ड करताना यंत्र हळू चाललं असणार, बहुधा सेल उतरले होते. हळू चालणाऱ्या यंत्रावर भरलेला आवाज नेहमीच्या वेगानं वाजवला की वर चढतो.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डचं नेमकं हेच झालं होतं. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत पहिल्या सत्रात तीन रचना झाल्या, आणि मुख्य यंत्र त्या दिवशी हळू चालत होतं. त्या तीन रचना, म्हणजे रेकॉर्डची सगळी पहिली बाजू, स्वरापेक्षा चढून बाजारात आली. जॅझ शिकणाऱ्या मुलांनी ती लावून सोबत वाजवायचं म्हटलं तर वाद्य जुळायचं नाही. जगभर गाजलेल्या जॅझ रेकॉर्डची ही गत, आणि ती 1992 च्या आवृत्तीत दुरुस्त झाली, कारण बरोबर वेगानं चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या टेपा जपून ठेवलेल्या होत्या.

ही दुरुस्ती मला शंभर टक्के मान्य आहे. माइल्सनं तो स्वर वाजवलाच नव्हता. तसंच आत्याचं. वेग जवळपास तीन टक्क्यांनी उतरवला आणि आत्या तिच्या पट्टीत आली. काकांचा तबला एकदम भरदार वाटायला लागला, आजोबांच्या पेटीचा आवाज ओळखीचा झाला. दुपारचं जेवण दोन तास लांबलं तरी उठवेना.

यंत्राच्या चुकांना मी दया दाखवणार नाही. त्यातही मुद्दाम केलेल्यांना तर नाहीच. मेटॅलिका या रॉक बँडचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आवाज मोठा करण्याच्या हट्टापायी इतका दाबलाय की लहरींचे शेंडेच कापले गेलेत, ड्रमचा प्रत्येक ठोका फाटतो. चाहत्यांनी पुन्हा मिक्सिंग करा म्हणून सह्यांची मोहीम काढली होती. चार माणसांनी जीव तोडून वाजवायचं आणि ते शेवटच्या टप्प्यावर असं चिरडायचं, याचा मला मनापासून राग येतो.

हातापायांच्या खुणांचं निराळं. लेड झेपलिन या रॉक बँडच्या 1970 च्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये जॉन बॉनमच्या बेस ड्रमचं पेडल गाणंभर कुरकुरतं. एकदा कानात बसलं की सुटत नाही. 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा स्वरसमूह विरत जातो तसतसा बीटल्सच्या ध्वनिमुद्रकांनी आवाज वाढवत नेला, आणि शेवटाकडे कुणाची तरी खुर्ची वाजते. ग्लेन गूल्ड पियानो वाजवताना गुणगुणायचा, त्याची बुटकी खुर्चीही करकरायची. बाखची रेकॉर्ड लावली की तोही येतोच. यातलं काहीही पुसलेलं मला चालणार नाही. कॅसेटवर ठाण्याच्या फलाटाकडून येणारी मालगाडीची शिटी आहे, तीही राहील. खरखर थोडी कमी केली, फार नाही. जास्त काढायला गेलं की तबल्याच्या चाटीची, काठावरच्या बोलाची, धार जाते.

मंगळवार

ऐरोलीहून परतताना गाडीत बसायला जागा मिळाली, म्हणून 'गिमी शेल्टर' ऐकलं, दोनदा. 1969. रोलिंग स्टोन्सना लॉस एंजेलिसमध्ये स्त्रीचा आवाज हवा होता, आणि रात्री उशिरा गायिका मेरी क्लेटनला घरून बोलावून घेतलं. ती गरोदर होती. तिच्या वाट्याच्या ओळी ती म्हणते, पुन्हा म्हणते, दर वेळी आणखी वर ढकलत, आणि एका जागी आवाज चरकन फाटतो. मागून स्टोन्सचा गायक मिक जॅगर याचा चकित झालेला हुंकार ऐकू येतो. तो हुंकार पुसायचं कुणाला सुचलं नाही, याबद्दल मी त्या सगळ्यांची ऋणी आहे.

जुन्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटं, आणि मेणावर कोरलं ते कोरलं. मधलं काही कापून जोडता यायचं नाही. आर्टुर श्नाबेलनं 1932 ते 1935 मध्ये बेथोव्हनचे सगळे पियानो सोनाटा पहिल्यांदा रेकॉर्ड केले, त्यात चुकलेले स्वर भरपूर आहेत आणि लोक ती रेकॉर्ड अजून उराशी धरतात. आपल्याकडे 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गाणं संपवून वर स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनत, तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. त्या घाईत, उंच आवाजात सांगितलेल्या नावामुळे ती बाई माझ्यासमोर उभी राहते, तानेपेक्षाही जास्त.

नंतर टेप आली, कात्री आली, आणि 1997 मध्ये ऑटोट्यून, घसरलेला सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलकंपन्यांसाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करायचा. तेल शोधायचं गणित गळ्यावर आलं. आता घरबसल्या मीसुद्धा प्रत्येक स्वर सरळ करू शकते, म्हणून ठेवलेली चूक ही कुणीतरी ठरवून ठेवलेली असते. ठरवणारं कोण, हा प्रश्न मला आज ऐरोली स्टेशनपासून सोडेना.

कारण कॅसेटवर भैरवी आहे. शेवटची. त्यात आत्याचा आवाज वरच्या षड्जाला जाताना फुटतो, तीनही वेळा. तिसऱ्या वेळी ती तो तसाच फुटका धरून ठेवते. मला त्या सगळ्या बैठकीत ही जागा सर्वांत प्रिय आहे.

गुरुवार, वाशीहून आल्यावर

आत्याला सगळं ऐकवलं. पावसानं गाड्या उशिरा, जाईपर्यंत सात वाजले. तिनं डोळे मिटून ऐकलं, मधे एकदा कुकर बंद करायला उठली.

अभंगाच्या त्या जागेला हसली. "हे काढायचं म्हणतोय? वेडा आहे का तो? अण्णांनी ओळ दिली ना, ती ठेव. लहानपणी पाठांतर घेताना असेच द्यायचे, पहिलं अक्षर जरा दाबून." हे मला माहीत नव्हतं. पुन्हा लावून ऐकलं, खरंच पहिला स्वर दाबलेला आहे.

मग भैरवी. पहिल्या फुटीलाच म्हणाली, "बंद कर गं."

मी बंद केली.

"त्या दिवशी सकाळपासून गळा बसला होता. मी नको म्हणत होते, सगळ्यांनी आग्रहानं म्हणायला लावली. ही कुणाला पाठवू नकोस."

मी वाद घातला. मोबाइलवर तिला मेरी क्लेटनची ती जागा ऐकवली, फाटलेला आवाज, मागचा हुंकार. आत्यानं नीट ऐकलं, पुन्हा लाव म्हणाली. मग म्हणाली, "ही स्वतः ओढून नेतेय. तिला तिथे जायचंच आहे. माझा सूर मला न विचारता गेला."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जॅझगायिका एला फिट्झजेराल्ड आठवली. 1960 साली बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरली आणि विसरल्याचंच गाणं करून तिथल्या तिथे नवे शब्द गुंफले, वर लुई आर्मस्ट्राँगची नक्कल. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. पण तीही वाट स्वतः काढत होती, आणि साथीदार तिच्याबरोबर चालले होते. अभंगाच्या जागेचं तेच आहे. भैरवीत आत्या एकटी आहे. आजोबा आणि काका वाजवतायत, पण बसलेल्या गळ्याला ते कुठून हात देणार?

आणि मग जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं 'लव्हर मॅन'. 29 जुलै 1946, लॉस एंजेलिस. तो उभा राहण्याच्या स्थितीत नव्हता. पियानोवादक सुरुवात लांबवत राहतो, पार्कर यायच्या जागी येत नाही, आणि येतो तेव्हा स्वर तुटक तुटक. त्यानंतर त्याला कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात सहा महिने काढावे लागले. डायल कंपनीच्या रॉस रसेलनं ती रेकॉर्ड बाजारात आणली आणि पार्करला ते कधी आवडलं नाही, तो चिडलाच. आजही रसिक तिच्यातल्या वेदनेची वाखाणणी करतात. मीही केली आहे. आज वाशीहून येताना ती ऐकायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली. पुढे कधी लावीन असं वाटत नाही.

शनिवार

आतेभावाचा फोन. "ताई, भैरवीशिवाय बैठक संपते का कधी? लोक काय म्हणतील?" त्याला सांगितलं, आत्याला विचार. त्यानं विचारलं असावं, कारण नंतर फोन आला नाही.

काम पूर्ण झालं. पट्टी काळी चार, मालगाडीची शिटी आहे, पेटीवर दिलेली ओळ आहे, लग्गी आहे. भैरवी असलेली मूळ कॅसेट तिची तिला परत करणार, माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. अभंग संपतो, टाळ्या वाजतात, आणि टाळ्यांतच कुणीतरी "आता भैरवी होऊ दे" म्हणतं. त्या वाक्याच्या आधी कापलं. ते राहिलं असतं तर ऐकणाऱ्या प्रत्येकानं भैरवी कुठे गेली म्हणून विचारलं असतं, आणि उत्तर आत्याला द्यावं लागलं असतं.