खांदा दुखतोय, पण विरळणीमुळे नव्हे

डिसेंबर. तासगाव तालुक्यात द्राक्षाची विरळणी जोरात चालू. सासू सुनेला घेऊन उपकेंद्रात आली. “सिस्टर, पाळी आलीय हिला, पण आठ दिस नुसतं डागच पडत्यात. मेडिकलमधनं गोळ्या आणल्या, फरक न्हाई.”

डाग चहाच्या चोथ्यासारखे काळपट. सुनेला एकटीलाच आत घेतलं. नेहमीसारखी, तीन-चार दिवस नीट जाणारी पाळी कधी आली होती? “दिवाळीच्या पाडव्याला.” मोजले, 46 दिवस. नुसतं ‘पाळी कधी आली’ विचारलं की बाई आठ दिवसांपूर्वीची तारीख सांगते, आणि गर्भारपण तिथंच नजरेतून सुटतं.

निश्चय या गर्भचाचणीच्या किटवर लघवीचे दोन थेंब टाकले. पाच मिनिटांत दुसरी रेघ आली, फिकट. फिकट असली तरी दिवस गेलेत असंच धरायचं. पण गर्भ कुठं रुजलाय ते किट सांगत नाही.

ओटीपोटात डावीकडे कळ, उठताना अंधारी, नाडी जलद, 112; बीपी कमी, 96/60. शिवाय खांदा दुखत होता. सासू म्हणाली, “दिवसभर हात वर करून मणी काढायचं, दुखणारच की.” मांडवाखाली राबणाऱ्या कुणाचा खांदा दुखत नाही? पण हिची कळ खांद्याच्या अगदी टोकाला होती, आडवी झाली की वाढायची, हात फिरवून काही फरक नाही. गर्भपिशवीऐवजी बीजनळीत गर्भ रुजला आणि नळी फुटून पोटात रक्त साठलं, की श्वासपटलाखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) चुरचुरतं आणि कळ खांद्यात निघते. बाहेर चार डाग दिसतात, रक्त आत वाहत असतं. अशा वेळी पॅडवरून धोका मोजता येत नाही.

108 बोलावली. तोवर आडवं ठेवून सलाईन लावलं. ऑपरेशन लागू शकतं म्हणून तोंडाने पाणीसुद्धा नाही, आतून तपासणीही नाही. चिठ्ठीवर शेवटची खरी पाळी, किटचा निकाल, वेळेसकट नाडी-बीपी लिहिलं. रक्तगट ओ निगेटिव्ह, तो ठळक. निगेटिव्ह गटाच्या अशा बाईला, पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका होऊ नये म्हणून, 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं.

सांगलीत सोनोग्राफी झाली: गर्भपिशवी रिकामी, गर्भ डाव्या नळीत, पोटात रक्त. त्याच रात्री ऑपरेशन झालं, पोरगी वाचली.

पहिल्या तीन महिन्यांत डाग पुष्कळ जणींना पडतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. दुखत नसेल, चक्कर नसेल तर सकाळी सोनोग्राफीला गेलं तरी चालतं. पण एका बाजूची कळ, भोवळ, खांद्याचं टोक दुखणं, किंवा तासाला पॅड भिजून निघणं, यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.